समजा

‘समजा, उद्या पाऊस आला.’ चार शब्दांचे हे वाक्य आपण कसलाही विचार न करता बोलतो. त्यात दोन गोष्टी अडखळायला लावणाऱ्या आहेत. ‘उद्या’ आणि ‘आला’ एकमेकांशेजारी कसे बसले, हा एक पेच. दुसरा पेच ‘समजा’चा. समजणे म्हणजे कळणे, आणि कळते ते असलेले, घडलेले. बातमी समजते, गणित समजते, एखाद्याचे दुःख समजते. मग जे घडलेलेच नाही, कदाचित घडणारही नाही, ते समजायला आपण समोरच्याला का सांगतो? ‘कल्पा’ असे का म्हणत नाही?

आधी शब्दाचे कूळ पाहू. संस्कृत ‘सम्’ + ‘बुध्’, म्हणजे जागे होणे, ध्यानात येणे. ‘संबुध्यते’वरून प्राकृतात ‘संबुज्झइ’ आणि पुढे हिंदी ‘समझना’, गुजराती ‘समजवुं’, मराठी ‘समजणे’ अशी वाट टर्नर यांच्या तौलनिक कोशाने आखली आहे. मधला उकार हिंदीत आज दिसत नाही, पण जुन्या अवधी-ब्रजमध्ये ‘समुझ’ असे रूप आहे. तिथे बुध्-चा ‘उ’ टिकून राहिला आहे. नेपाळीत ‘सम्झनु’ म्हणजे आठवणे. बुद्ध, बोध, बुद्धी हे सगळे याच घरातले. मराठीतली ‘बूज राखणे’मधली बूजही इथलीच असावी. एखाद्याची बूज राखायची तर तो कोण आहे याचे भान हवे, असा तिचा प्रवास झाला असेल.

‘ध्य’चा ‘ज्झ’ आणि त्याचा ‘ज’ होणे मराठीला नवे नाही. संध्येची हिंदीत ‘साँझ’ झाली, आपल्याकडे ‘सांज’. ‘मध्य’ आपल्या ‘माजघरा’त येऊन बसला आहे. ‘युध्य’चे ‘जुज्झ’ झाले. हिंदीने ‘जूझना’ केले, आणि मराठीने शेवटचा महाप्राण उचलून पहिल्या अक्षरावर ठेवला व ‘झुंजणे’ घडवले. इथवर सारे सुरळीत. पण ‘म्ब’मधला ‘ब’ कुठे गेला? मराठी हा ‘ब’ सहसा सोडत नाही. हिंदीत आम, आपल्याकडे आंबा. तिकडे नीम, इकडे निंब. तिकडे कुम्हार आणि जम्हाई, इकडे कुंभार आणि जांभई. या हिशोबाने मराठीत ‘समजणे’ऐवजी ‘संबुजणे’सारखे काहीतरी व्हायला हवे होते. म्हणून मला हा शब्द अस्सल देशावर वाढलेला न वाटता उत्तरेकडून, हिंदी-गुजरातीच्या वाटेने आलेला वाटतो. आपली घरची क्रियापदे ‘जाणणे’ आणि ‘कळणे’. ती असताना पाहुण्याने संसार थाटला आणि एक काम तर असे उचलले, जे घरच्या ‘कळणे’ला जमत नव्हते.

ते काम म्हणजे ‘समजा’. ‘कळणे’ला हे का जमत नाही ते पाहण्यासारखे आहे. ‘मला कळले’ असे आपण म्हणतो. ‘मी कळलो’ म्हटले तर अर्थच वेगळा होतो. कळण्याचा कर्ता नेहमी ‘मला, तुला, त्याला’ असा चतुर्थीत असतो. कळणे आपल्याकडे चालत येते, आपण ते करत नाही. आणि जे आपण करत नाही त्याची आज्ञा कोण कशी देणार? म्हणून ‘कळ’, ‘कळा’ अशी आज्ञार्थी रूपे या अर्थाने नाहीतच. ‘समजणे’ मात्र दोन्ही दारांनी आत येते. ‘मला समजले की तो आजारी आहे’ यात तो खरोखर आजारी आहे. ‘मी समजलो की तो आजारी आहे’ यात तो ठणठणीत असण्याची शक्यता बरीच आहे, आणि पुढचे वाक्य बहुधा ‘पण’ने सुरू होणार. ‘मी त्याला भाऊ समजतो’, ‘तू स्वतःला समजतोस तरी कोण?’, ‘मीठ समजून साखर घातली’ या सगळ्यांत करणारा ‘मी’ किंवा ‘तू’ प्रथमेत उभा आहे, आणि समजणे हे त्याचे कृत्य आहे. खरेपणाची जबाबदारी आता वस्तुस्थितीवर राहिली नाही, समजणाऱ्यावर आली.

नामातही हा दुभंग उतरला आहे. ‘त्याला चांगली समज आहे’ ही स्तुती. ‘असा त्याचा समज आहे’ म्हटले की ऐकणारा लगेच ओळखतो, समज चुकीचा आहे. स्त्रीलिंगी समज ती शहाणपणाची, पुल्लिंगी समज तो बहुधा फसलेला! त्याच्याआधी अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘गैर’ जोडून ‘गैरसमज’ झाला खरा, पण ‘गैर’ नसतानाही समजाचा कल तिकडेच दिसतो. ‘समजूत’ही तशीच. लोकसमजूत म्हणजे जी तपासली तर टिकणार नाही ती. आणि रडणाऱ्याची समजूत काढताना आपण त्याला जे सांगतो ते सगळे खरे असतेच असे नाही. पोलीस ‘समज देऊन’ सोडतात तेव्हा मात्र समज पुन्हा शहाणपणाकडे वळते.

आता ‘कल्पना’कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या शब्दाने कल्पिताचे काम करायला हवे तो शब्द मराठीत नेमका ज्ञानाच्या खुर्चीवर जाऊन बसला आहे. ‘तुम्ही येणार याची मला कल्पना नव्हती.’ ‘जेवायला चारजण जास्त आहेत, आधी कल्पना द्यायची की नाही?’ ‘पूर्वकल्पना न देता पाणीपुरवठा बंद.’ या वाक्यांत कल्पनेचा अंशही नाही; निव्वळ माहिती आहे. म्हणजे समजणे कल्पनेच्या कामाला लागले आणि कल्पना समजण्याच्या.

‘कल्पना’चे मूळही कल्पनाविलासाचे नाही. ‘क्लृप्’ धातूचा अर्थ जुळणे, योग्य होणे, रचणे, नीट लावणे. यज्ञाची रीतसर मांडणी सांगणारी ती कल्पसूत्रे. अमरकोशात ‘कल्पना’ येते ती हत्ती सजवून तयार करण्याच्या अर्थाने. केस-नखे नीट कापलेला तो ‘क्लृप्त’ केसांचा. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्यातल्या न्हाऊ घालणाऱ्या, अंग रगडणाऱ्या सेवकांच्या रांगेत ‘कल्पक’ येतो, तो न्हावी. आज कल्पक म्हटले की नवनव्या युक्त्या काढणारा डोळ्यांसमोर येतो. पण जास्तीचे कापून आकार देणे हे त्याचे पहिले काम असावे. मनातल्या मनात असाच आकार देणे ही पुढची पायरी. संकल्प, विकल्प, प्रकल्प ही भावंडे त्या पायरीच्या अलीकडे-पलीकडे उभी आहेत. बौद्ध आचार्य दिङ्नागाने तर प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्याच ‘कल्पनेपासून मुक्त’ अशी केली. वस्तूला नाव, जात, गुण चिकटवणे ही त्याच्या लेखी कल्पना. त्याने जिला प्रत्यक्षाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले तीच मराठीत ‘मला कल्पना आहे’ म्हणत आत आली.

ही उलटापालट कशी झाली? इंग्रजीच्या वळणाचा हात असेल, अशी शंका कुणी घेईल, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. पण मला उत्तर पुन्हा विभक्तीत दिसते. ‘मी कल्पना करतो’ यात प्रथमा आहे, आणि कल्पना ही खरोखर कल्पना आहे. ‘मला कल्पना आहे’ यात चतुर्थी आली, आणि कल्पनेची माहिती झाली. ‘मी समजतो’ आणि ‘मला समजते’ यांत जे घडले तेच इथे हुबेहूब घडले आहे. तेव्हा शब्दांनी खुर्च्या बदलल्या असे म्हणण्यापेक्षा, मराठीत खुर्च्याच मुळात दोन आहेत आणि शब्द कुठलाही येवो, ‘मी’च्या खुर्चीत बसला की तो केलेला ठरतो, ‘मला’च्या खुर्चीत बसला की आलेला ठरतो, असे म्हणणे बरे. ‘मला वाटते’ हे उदाहरण कुणी पुढे करील. वाटणे चतुर्थीत असूनही ते ज्ञान नाही. खरे आहे. चतुर्थी सत्याची हमी देत नाही. ती एवढेच सांगते की हे मी मुद्दाम केले नाही, आपोआप झाले. पाऊस येईलसे वाटते ते न ठरवता वाटते. पाऊस आला असे ‘समजतो’ ते ठरवून.

या ठरवून करण्याला आपल्या नैयायिकांनी फार नेमके नाव दिले आहे: ‘आहार्य’ ज्ञान. समोरची गोष्ट तशी नाही हे पक्के ठाऊक असताना, केवळ इच्छेने, ती तशी आहे असे मनाशी आणणे, ते आहार्य. भ्रमापासून हे वेगळे. दोरीला साप समजून घाबरणारा भ्रमात आहे. ‘ही दोरी साप असती तर हलली असती’ म्हणणारा आहार्य आरोप करतो आहे. न्यायशास्त्रातला ‘तर्क’ याच जातीचा. डोंगरावर धूर दिसतो. तिथे अग्नी नाही असे मानले तर धूरही नसायला हवा होता, असा उलटा आरोप करून अनुमान बळकट करायचे. (मराठीत तर्क घसरत अंदाजापर्यंत आला, आणि ‘तर्कट’ तर त्याहून खाली.) ‘आहार्य’चा शब्दार्थ आणलेले, बाहेरून आणवलेले. नाट्यशास्त्राच्या वाचकांना तो ओळखीचा वाटला असेल, कारण अभिनयाच्या चार प्रकारांत वेशभूषा-रंगभूषेचा तो आहार्य अभिनय. नटाने चढवलेला मुकुट आणि नैयायिकाने चढवलेला आरोप यांना एकच विशेषण लागावे, हा योगायोग नसावा. दोन्हीकडे घालणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ठाऊक असते की हे अंगचे नाही.

गणितात हीच इच्छा ‘इष्ट’ होऊन येते. इच्छा आणि इष्ट दोघेही ‘इष्’ धातूचे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘इष्टकर्म’ म्हणून रीत आहे. समजा, एका संख्येतून तिचा तिसरा भाग आणि चौथा भाग काढला तर २० उरतात, संख्या कोणती? इष्टकर्म म्हणते, मनाला येईल ती संख्या घ्या. १२ घेऊ. तिचा तिसरा भाग ४, चौथा ३, उरले ५. उरायला हवे होते २०. म्हणून १२ ला २० ने गुणा, ५ ने भागा: ४८. ताळा करून पाहा, ४८ मधून १६ आणि १२ गेले की २० उरतात. पहिली संख्या चुकीची आहे हे धरतानाच माहीत होते, आणि तिच्याच खांद्यावरून बरोबर उत्तर मिळाले. बीजगणितात त्यांनी अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हटले, म्हणजे ‘जितके असेल तितके’. एकाहून अधिक अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक असे रंग. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे आणि त्याच्या अखेरीस मराठी ओळीही आहेत. त्या मठातला पंतोजी अज्ञात राशी मांडताना मराठीत कोणता शब्द वापरत असेल, ‘मानू’, ‘धरू’ की आणखी काही, याचे मला फार कुतूहल आहे.

शाळेच्या पुस्तकांत आज ‘मानू’ आहे. भूमितीत प्रमेयाच्या डोक्यावर ‘पक्ष’, ‘साध्य’, ‘सिद्धता’ अशी तीन पदे असतात. त्यांतला पक्ष न्यायशास्त्रातून आला हे मुलांना कुणी सांगत नाही, सांगायला हवे. ‘गृहीत धरणे’ हा आणखी एक नमुना. ग्रह् म्हणजे पकडणे, त्यावरून गृहीत म्हणजे पकडलेले. ते पुन्हा ‘धरायचे’. संस्कृत मुठीवर मराठी मूठ. नुसते ‘धरा’ही चालते: ‘धरा, गाडी चुकली’. आणि वादात ‘घटकाभर असे धरून चालू’ म्हणतो तेव्हा चोवीस मिनिटांची मुदत घालूनच धरतो.

शेजारीही असेच धरतात. गुजराती ‘धारो के’ म्हणतो, बंगाली ‘धरो’. कानडी ‘अंत इट्कोळ्ळि’ म्हणतो, म्हणजे ‘असे ठेवून घ्या’. तमिळमध्येही ठेवून घेण्याचेच क्रियापद आहे. तेलुगूत ‘अनुकोंडि’, स्वतःशी म्हणा. मराठीतही ‘पन्नास म्हणा, साठ म्हणा’ आहेच. हिंदी ‘मान लो’. पकडणे, ठेवणे, म्हणणे, मानणे, समजणे: क्रियापदे वेगवेगळी, पण सगळी आज्ञार्थी, आणि सगळी माणसाने मुद्दाम करायची. उर्दूने मात्र अरबी ‘फर्ज’ घेतला. त्या धातूचा मूळ अर्थ खाच पाडणे, वाटा नेमून देणे. त्यातून नेमलेले कर्तव्य. आणि त्याच नेमण्यातून ‘फर्ज करना’, मनाशी नेमून घेणे. कर्तव्य आणि कल्पित एकाच शब्दात राहतात, आणि ‘फर्जी’ म्हणजे बनावट. बुद्धिबळातला फर्जी, म्हणजे वजीर, याचा नातलग नव्हे. तो फारसी ‘फर्जीन’चा.

मानण्याचे घराणे याहून जुने. संस्कृत ‘मन्ये’, ‘मला वाटते’, वाक्यात मध्येच टाकायचा शब्द. काव्यशास्त्रकार दण्डीने उत्प्रेक्षा अलंकाराच्या खुणा सांगितल्या त्यांत त्याला पहिले स्थान दिले. हिंदीत त्याच मन्-पासून ‘मानो’ झाला: मानण्याची आज्ञा झिजून ‘जणू’ या अर्थाचे अव्यय. आणि आपला ‘जणू’? तो ‘जाणणे’पासून आलेला दिसतो, अवधीतला ‘जनु’ त्याचा भाऊ असावा. म्हणजे जे नाही ते दाखवायला पुन्हा जाणण्याचेच क्रियापद! घरच्या ‘जाणणे’ने हे काम एकदा करून झाले होते, ते शब्द म्हणून गोठले, तेव्हा ‘समजणे’ला जागा मिळाली असावी.

मानण्याला व्यवहारात केवढे वजन आहे ते ‘मानलेला भाऊ’ या दोन शब्दांत दिसते. रक्ताचे नाते नाही हे दोघांनाही ठाऊक, आणि भाऊबीजेचे ताट मात्र खरे. कायद्याने या मानण्याला ‘-ईव’ प्रत्यय लावला. कोरीव, रेखीव, आखीव, तसे ‘मानीव’. १९६३ च्या सदनिका कायद्याच्या कलम ११ मध्ये २००८ साली दुरुस्ती झाली आणि ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा जडजंबाल शब्द गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये रुळला. बिल्डरने जमीन-इमारतीचे हस्तांतरण करून दिले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याने ते झाले असे मानायचे आणि नोंदवायचे. ‘अभिहस्तांतरण’ उच्चारताना पदाधिकाऱ्यांची जीभ अडखळते, पण ‘मानीव’ कुणालाच परका वाटत नाही. मला हा सरकारी मराठीतला उत्तम शब्द वाटतो. विद्यापीठांच्या वाट्याला तोच अर्थ ‘अभिमत’ होऊन आला. धातू पुन्हा मन्-च.

राहिला ‘उद्या’ आणि ‘आला’ यांचा पेच. संस्कृतात न घडलेल्याचे खास रूप होते, लृङ्. पाणिनीने त्याचा प्रांत ‘क्रियातिपत्ती’ म्हणजे क्रियेचे न घडणे असा सांगितला. ‘अभविष्यत्’ हे त्याचे रूप पाहा: पुढे भूतकाळाचा ‘अ’, मागे भविष्याचा ‘ष्य’. दोन्ही काळ एका शब्दात बांधून वर्तमानाला वगळले आहे. मराठीत हे रूप आले नाही. आपण ‘असता’वर भागवले, आणि आत्याबाईंच्या मिशा ‘असत्या’वर. पण उद्याचा ‘आला’ हा मला भूतकाळच वाटत नाही. ‘आला’ मुळात ‘आगत’पासूनचे धातुसाधित, म्हणजे ‘आलेला’. तेव्हा ‘समजा, उद्या पाऊस आला’ याचा सांगाडा ‘उद्याचा पाऊस आलेला समजा’ असा असावा, ‘त्याला भाऊ समजा’ तसाच. आधी ‘समजा’ वाक्याच्या शेवटी, ‘असे समजा’ म्हणून, क्रियापदाच्या जागी असेल. मग ते पुढे सरकले, त्याच्यामागे स्वल्पविराम आला आणि ‘असे’ गळाले.

पुढे सरकल्यावर त्याचे क्रियापदपण ओसरू लागले. जिवलग मित्राशी अरेतुरे करतानाही आपण ‘अरे, समजा तू गेलासच नाहीस’ असे म्हणतो. एकवचनी ‘समज’ कानाला जड वाटते, ते ‘असं समज’ या जोडीतच शोभते. मित्राला कुणी अचानक ‘तुम्ही’ म्हणू लागत नाही. म्हणजे ‘समजा’मधले अनेकवचन विझले आहे, आणि ‘मानो’, ‘जणू’ ज्या वाटेने गेले ती वाट याने धरली आहे. ‘समजा शंभरेक रुपये लागतील’ या वाक्यात तर आज्ञा उरली नाही आणि कल्पनाही. तिथे ते चक्क ‘सुमारे’च्या जागी बसले आहे. तो ‘सुमार’ फारसी ‘शुमार’, म्हणजे गणना, मोजदाद. काटेकोर मोजण्याचा शब्द मराठीत येऊन अदमासाचा झाला, आणि बुध्-पासून निघालेला शब्द त्याच्या शेजारी त्याच कामावर रुजू झाला.